पाठीतल्या नळीचा मागोवा

हवाना येथे १३ जानेवारी १९४७ रोजी मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलो या भूलतज्ज्ञाने ट्युही नावाच्या सुईतून जी रेशमी नळी कण्यातल्या, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या एपिड्युरल पोकळीत सरकवली, ती मुळात मूत्रवाहिनीसाठी घडवलेली, म्हणजे उसनवारीचीच होती. शस्त्रक्रिया संपेपर्यंत भुलीचे औषध थोडेथोडे देत राहण्याची मुभा तिने दिली खरी, परंतु नळी आतच तुटून राहण्याची धास्तीही त्याच दिवसापासून या विद्येच्या मागे लागली. त्यापूर्वी, १९४० मध्ये, विल्यम लेमन यांनी कण्यात भूल देताना वाकणारी सुईच पाठीत राहू देण्याची व तिच्याकरिता गादीत फट ठेवण्याची तजवीज केली होती; त्या गादीवर निजलेल्या रोग्याची कैफियत कोणी टिपून ठेवली असती तर फार बरे झाले असते.

रेशीम गेले आणि पॉलिथिलीन, पीव्हीसी, टेफ्लॉन, नायलॉन, पॉलियुरेथेन अशी द्रव्ये आली. नायलॉन चिवट पण ताठ, पॉलियुरेथेन मऊ. पुढे नळीच्या भिंतीत तारेचे वेटोळे घालण्यात आले, त्यामुळे ती दुमडून बंद पडेनाशी झाली, मात्र जोराने ओढताच ते वेटोळे उलगडू लागले.

तथापि, नळी तुटण्याचा दोष केवळ द्रव्याला देणे मला अन्यायाचे वाटते. ट्युही सुईचे टोक एका बाजूस वळलेले असते, जेणेकरून नळी पोकळीत शिरताना वळावी. पण त्याच तोंडाची आतली कड धारदार असल्यामुळे, नळी पुढे जात नाही म्हणून सुई जागेवर ठेवून नळी मागे ओढणाऱ्याच्या हातून ती तिथेच कापली जाण्याचा संभव असतो. म्हणून शिरस्ता असा पडला की अडचण आल्यास सुई व नळी एकत्रच बाहेर काढावी, आणि पोकळीत तीन ते पाच सेंटिमीटरच नळी ठेवावी, कारण जास्त लांबी गाठीला आमंत्रण देते. काढतानाही रोग्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवावे, ओढ संथ असावी, आणि नळी ताणून बारीक होऊ लागली की हात आखडता घ्यावा, थोडा वेळ जाऊ द्यावा, आसन बदलून पाहावे. बाहेर आल्यावर टोक शाबूत आहे की नाही हे पाहून नोंद करावी, यात हयगय नको.

इतके करूनही तुकडा राहिलाच, तर तो निर्जंतुक असल्याने, त्रास देत नसल्यास, बहुधा तसाच राहू देतात. मात्र रोग्याला ते स्पष्ट सांगावे लागते, आणि तुकडा तारेच्या नळीचा असेल तर पुढे कधी एमआरआय करण्यापूर्वी त्याने ते आगाऊ कळवणे भाग असते.