टॉन्सिल्स काढावेत की राहू द्यावेत?

दिवाळीची सुटी लागली की मुलांची राहून गेलेली कामे आईबापांना आठवतात. ‘टॉन्सिल्सचे तेवढे उरकून घेऊ’ हे त्यांतलेच एक. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी तर या विचाराला अधिकच जोर चढतो. घशाच्या तज्ज्ञासाठी पुष्कळांना हिंगोलीची नाही तर नांदेडची वाट धरावी लागते. रजा, गाडीभाडे, मुक्काम, धाकट्याची सोय! वर्षातून चार वेळा हे कोण करणार? त्यापेक्षा एकदाच काढून टाकलेले बरे, असे वाटू लागते. पण हा हिशेब प्रवासाचा झाला, घशाचा नव्हे.

घशातले पहारेकरी

पडजिभेच्या दोन्ही अंगांना बदामासारख्या दोन गाठी दिसतात, ते टॉन्सिल्स. तोंडावाटे येणाऱ्या जंतूंची शरीराला ओळख करून द्यायची, हे त्यांचे काम. बालपणी हे काम फार असते, म्हणून तेव्हा ते मोठे दिसतात आणि पुढे आपोआप आक्रसतात. तेव्हा नुसते ‘वाढलेत’ म्हणून ते काढायचे नसतात.

हे डॉक्टरांनाही उशिराच उमगले. १९३४ साली न्यूयॉर्कमधील अकरा वर्षांच्या एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते! उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले, त्यांतल्या १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. राहिलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे गेली. त्यांनी ९९ निवडली. उरलेल्या ११६ मधून तिसऱ्यांनी आणखी ५१ काढली. शेवटी अवघी ६५ मुले सुटली. घसे तेच, पण पाहणारा बदलला की निम्म्याच्या आसपास मुले पुन्हा ‘ऑपरेशनची’ ठरत होती.

मग काढावेत केव्हा?

आज डॉक्टर मोजून निर्णय घेतात. घसा सुजून ताप येणे, गळ्यात गाठी येणे, टॉन्सिल्सवर पू दिसणे, असे खरे आजारपण एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा आले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. साधी सर्दी यात धरत नाहीत.

दुसरे कारण झोपेचे. मूल रोज घोरते, मध्येच त्याचा श्वास अडतो, दचकून उठते आणि दिवसा पेंगते किंवा चिडचिडे होते, तर थांबू नये. ‘गाढ झोपतो म्हणून घोरतो’ हे कौतुक येथे महागात पडते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळदीला तोटा नाही. वसमतची हळद तर नामांकित. मीठ-हळदीच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, यात शंका नाही. मात्र काही घसेदुखी स्ट्रेप्टोकोकस जंतूची असते. तिच्यावर वेळेवर, पुरेसे औषध झाले नाही, तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतर घशात पांढरा थर दिसतो. तो पू नव्हे. कानही दुखतो, कारण घशाचे आणि कानाचे मज्जातंतू जोडलेले असतात. मुलाला थोडे थोडे पाणी पाजत राहावे. चकली आणि कडक शेव काही दिवस डब्यातच राहू द्यावी. अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये.

खरी सावधगिरी रक्तस्रावाची. तो पहिल्या चोवीस तासांत होऊ शकतो, तसाच खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशीही. नांदेडहून मूल कळमनुरीला परतलेले असते, सगळे निर्धास्त झालेले असतात, तेव्हाच! थुंकीत ताजे लाल रक्त दिसले किंवा मूल झोपेत सारखे गिळू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि वाहन कोणाचे, हे ऑपरेशनची तारीख घेतानाच ठरवावे. दोन आठवडे लांबचा प्रवासही टाळावा.

लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी वही पुजली जाते. यंदा तिच्या एका पानावर मुलाच्या घशाची नोंद सुरू करा: तारीख, ताप, औषध, बुडालेली शाळा, रात्रीचे घोरणे. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. घशात एकदा बॅटरी टाकून जे कळत नाही, ते त्या पानावरून कळेल.