कॅटफिशची ‘जोडी’: नर कोणता, मादी कोणती?

बेंगळुरूत इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकी सहज मावते. गप्पी, टेट्रा झाले की तळाला फिरणारे कॅटफिश हवेसे वाटतात आणि दुकानात मागणी होते ती ‘एक जोडी द्या’ अशी. दुकानदारही जाळीत दोन मासे धरतो, ‘हा मेल, ही फीमेल’ म्हणतो आणि पिशवीला गाठ मारतो. यातलं बरंचसं अंदाजपंचे असतं.

गैरसमज: लांब मिशा असतील तो नर.
वस्तुस्थिती: मिशा दोघांनाही असतात. गढूळ पाण्यात आणि अंधारात चव घेत, चाचपत अन्न शोधायला त्या लागतात. धारदार खडीमुळे किंवा तळाशी घाण साचल्यामुळे त्या झिजतात. म्हणजे आखूड मिशा दिसल्या तर आधी टाकीचा तळ तपासा.

गैरसमज: अंगाने मोठा तो नर.
वस्तुस्थिती: कोरीडोरासमध्ये नेमकं उलट आहे. पूर्ण वाढलेली मादी थोराड असते. बाजूने पाहिलं तर फसायला होतं, म्हणून वरून पाहा. छातीच्या परांपाशी मादी रुंद दिसते, नर सडपातळ. पोटाखालचे पर मादीचे रुंद आणि गोलसर, नराचे अरुंद आणि टोकदार असतात. अंडी घालताना मादी या परांची ओंजळ करते आणि अंडी त्यात धरते. ब्रॉन्झ कोरीची मादी त्या वेळी नराच्या पोटाशी तोंड लावून शुक्राणू गिळते. ते तिच्या आतड्यातून पार होऊन अंड्यांपर्यंत पोचतात. जपानी संशोधकांनी 1995 साली हे दाखवून दिलं.

गैरसमज: नाकाडावर तंतू नसलेला ब्रिसलनोज म्हणजे मादी.
वस्तुस्थिती: हे फक्त वयात आलेल्या माशाबाबत खरं. नराच्या नाकाडावर मधोमध मऊ, फाटे फुटलेले तंतू उगवतात. मादीला ते नसतातच, किंवा ओठाच्या कडेला अगदी बारीक असतात. पण दुकानातली इंचभर पिल्लं सगळी सारखीच गुळगुळीत. काही महिने वाढू द्या, मग ठरवा. एका लहान टाकीत दोन नर आणि लपायला एकच बीळ असेल, तर मारामारी ठरलेली.

गैरसमज: अंड्यांची राखण करते ती आई.
वस्तुस्थिती: ब्रिसलनोजची मादी बिळात अंडी घालून निघून जाते. त्यानंतर परांनी वारा घालत बसतो तो नर. कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या शिंगाळ्याच्या कुळात तर नर अंडी तोंडात धरतो आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहतो. त्यामुळे बिळातून न हलणाऱ्या माशाला मादी समजू नका.

गैरसमज: जाणकाराला कोणताही कॅटफिश पाहताक्षणी ओळखता येतो.
वस्तुस्थिती: आपल्या नद्यांतल्या शिंगटीत वयात आलेल्या नराच्या पोटाखाली, शेपटाकडच्या पराच्या पुढे, लहानसा टोकदार उंचवटा दिसतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगॅसियस आणि साधा सकर यांच्या पिल्लांत मात्र बाहेरून काहीच कळत नाही. पंगॅसियस मीटरभराहून मोठा होतो, सकर दीड फुटापर्यंत जातो. सकर काठच्या मातीत बिळं खणून अंडी घालतो. घरच्या टाकीत या दोघांची वीण होण्याची आशाच नको. तेव्हा त्यांची ‘जोडी’ मागण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? हिशेब सोपा आहे. नर आणि मादी सारख्याच संख्येने असतील, तर न पाहता उचललेल्या दोन माशांत दोन्ही असण्याची शक्यता निम्मीच. सहा उचलले तर सगळे एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता 32 मध्ये 1. कोरी तशीही कळपात रमणारी जात, म्हणून सहा घ्या, वाढवा आणि मग वरून पाहून ठरवा. सकर आणि ‘शार्क’ मुळात घेऊच नका. आधीच घेतले असतील आणि टाकीत मावेनासे झाले, तर दुकानात परत द्या. हलसूर तलावात किंवा दुसऱ्या कुठल्याही पाण्यात सोडू नका. सकरने महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयातही बस्तान बसवलं आहे आणि त्याचा भुर्दंड तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांना बसतो.