फवारणीआधी औषधाचे नाव विचारा

काही महिन्यांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सकाळीच दवाखान्यात आल्या. डोळ्यांची आग, घशात खवखव आणि बळावलेला जुना दमा. पण स्वतःपेक्षा त्यांना मांजरीची चिंता अधिक होती. रात्रीपासून तिची लाळ गळत होती आणि अंग थरथरत होते. आदल्या दिवशी घरमालकांनी जिन्यापासून आजींच्या उंबरठ्यापर्यंत झुरळांसाठी फवारणी करवली होती, तीही न सांगता. औषध कोणते, हे मालकांनाही ठाऊक नव्हते. लक्षणे पाहूनच उपचार करावे लागले. दोघीही बऱ्या झाल्या. जाताना आजी म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, भाड्याच्या घरात राहणाऱ्याने किती बोलायचे?’’

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आधी वैद्यकीय आहे, मग कायद्याचे.

घरगुती फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील औषधे असतात. यांपैकी परमेथ्रिनसारख्या औषधाचा निचरा करण्याची क्षमता मांजरीच्या यकृतात फारच अपुरी असते. शिवाय ती जमिनीलगत वावरते आणि पंजे चाटते. टाकीतील माशांनाही ही औषधे घातक ठरतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधाने लाळ व घाम सुटतो, बाहुल्या आकसतात, धाप लागते. त्यावर ॲट्रोपिन द्यावे लागते. ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीरनाशक रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो, मग रक्तस्राव सुरू होतो. त्यावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून सुटणाऱ्या वायूवर मात्र उतारा नाही; त्या राहत्या घरात वापरूच नयेत. म्हणजेच, औषधाचे नाव कळले तरच नेमका उपचार वेळेवर होतो. वृद्धांच्या बाबतीतही हेच खरे.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घर राहण्याजोगे राखणे ही मालकाची जबाबदारी आहे. घराची पाहणी करायची असल्यास त्याने पूर्वसूचना द्यावी आणि वाजवी वेळी यावे, असे हाच कायदा सांगतो. साध्या पाहणीला जर पूर्वसूचना लागते, तर विषारी फवारणीपूर्वी ती मागण्यात संकोच कसला? कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील नियमांप्रमाणे व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्यास परवाना आवश्यक असतो. तो दाखवण्यास सांगावे. डब्यावरील रंगीत खूणही पाहावी. लाल अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. जाणूनबुजून प्राण्याला विष घालणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

भांडण मात्र टाळावे. मालकाला साधे पत्र द्यावे : घरात वृद्ध रुग्ण व पाळीव प्राणी आहेत, तारीख आणि औषधाचे नाव दोन दिवस आधी कळवावे, शक्य तेथे फवारणीऐवजी प्राण्यांच्या आवाक्याबाहेर जेल लावावे. पत्राची प्रत जपून ठेवावी. नवा करार करताना हीच अट त्यात घालून घ्यावी.

फवारणीच्या दिवशी रुग्ण आणि प्राणी यांना दुसरीकडे हलवावे. भांडी व पाण्याची वाटी उचलावी, माशांची टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवावा. लेबलवर सांगितलेला वेळ गेल्यावर आणि सगळे कोरडे झाल्यावर खिडक्या उघडून मगच परतावे. लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. त्रास झालाच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. फोटो घेऊन थेट डॉक्टर वा पशुवैद्य गाठावा.

त्या आजींनी असेच चार ओळींचे पत्र दिले. आता फवारणीच्या दोन दिवस आधी त्यांच्या जिन्यात चिठ्ठी लागते, औषधाच्या नावासकट. ती वाचून वरच्या मजल्यावरचे दम्याचे आजोबाही त्या दिवशी मुलीकडे जातात.