२५ मिलिमीटरची चकती

गाडीच्या दाराच्या हँडलमागे बोटं घालायला जी खोलगट वाटी असते, ती एकदा टॉर्च मारून पाहा. नखांनी, अंगठ्यांनी, किल्ल्यांच्या जुडग्यांनी तिथे ओरखडेच ओरखडे करून ठेवलेले असतात. बाकी सगळी गाडी लखलखीत करणारं पॉलिशिंग मशीन इथे हात टेकतं, कारण त्याचा पॅड १२५ किंवा १५० मिलिमीटरचा आणि वाटी जेमतेम चार बोटांची. साइड मिररचा बुंधा, नंबरप्लेटची कड, बंपरच्या खाचा, सगळीकडे हीच अडचण. मग हौशी माणूस बोल्ट, चकती, फोम आणि वेल्क्रो गोळा करतो आणि ड्रिलला किंवा पॉलिशरला लावायचा छोटा पॅड घरीच बनवायला बसतो. त्या टीचभर वस्तूत केवढं विज्ञान दडलंय, हे कळलं की मी तरी थक्क होतो.

सुरुवात रंगापासूनच करू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट त्यातला ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन-पाऊस तोच झेलतो, चमकही त्याचीच. पॉलिश करणं म्हणजे या थरातले दोन-चार मायक्रॉन सावकाश झिजवणं, ओरखड्याच्या कडा खाली आणणं. गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यागत गोल गोल रेषा दिसतात. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच, वाट्टेल त्या दिशेला गेलेले असतात. पण प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच डोळ्याकडे प्रकाश फेकतात, म्हणून वर्तुळं भासतात. तुम्ही मान हलवलीत की वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतात!

ओरखडा पूर्ण नाहीसा करावा लागतो असंही नाही. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये हे फार नेमकं मांडलंय: पॉलिश म्हणजे ओरखडे इतके बारीक करत नेणं की ते डोळ्याला दिसेनासे व्हावेत. दुर्बिणीचा धातूचा आरसा घासायला त्याने आपलं साधन स्वतःच बनवलं होतं. सहा इंच व्यासाच्या तांब्याच्या दोन चकत्या, एक फुगीर, एक खोलगट. फुगीर चकतीवर डांबरासारख्या पिचचा पातळ थर आणि त्यावर कथलाच्या राखेची अतिबारीक पूड. आज डांबराच्या जागी फोम आला, पूड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची झाली. घासणारा कण कठीण आणि त्याला धरणारा पाठीराखा मऊ, ही जोडी मात्र तीच राहिली.

आता आपल्या चकतीकडे वळू. १२५ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरचा पॅड घेतला तर व्यास पाचपट कमी, पण क्षेत्रफळ पंचवीसपट कमी. हाताचा जोर तेवढाच ठेवलात तर रंगावरचा दाब पंचवीसपट वाढतो. दुसरीकडे, दोन्ही मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरवले तर मोठ्या पॅडची कड सेकंदाला सुमारे १३ मीटर धावते आणि छोट्याची जेमतेम अडीच मीटर. म्हणून छोट्या पॅडला पॉलिशचं कंपाउंड मटारभर पुरतं, आणि मशीन नुसतं टेकवायचं असतं, दाबायचं नसतं.

खरी गंमत मात्र केंद्रात आहे. समजा ७५ मिलिमीटरची चकती केलीत आणि एका बाजूला, मध्यापासून ३० मिलिमीटरवर, चिकटवायचा एरल्डाइट ५ ग्रॅम जास्त राहिला. मिनिटाला २,००० फेऱ्यांना तो चकतीला साधारण पाऊण किलोच्या जोराने बाहेर ओढतो. हात थरथरेल, पण काम निभेल. तीच चकती मिनिटाला ११,००० फेरे मारणाऱ्या अँगल ग्राइंडरला लावलीत, तर तोच ५ ग्रॅमचा गोळा २० किलोने ओढू लागतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. घरी केलेली चकती वेग कमी न करता येणाऱ्या ग्राइंडरला कधीही, अगदी एकदा बघू म्हणूनही, लावू नका.

ड्युअल ॲक्शन मशीनचा हिशोब तर याहून नाजूक. त्यात पॅड फिरतोही आणि झुलतोही. आठ मिलिमीटरच्या झोक्याचं मशीन पॅडचा मध्य चार मिलिमीटर बाजूला धरून सेकंदाला शंभर वेळा घुमवतं. एवढ्या घुमण्यात पॅडच्या प्रत्येक १० ग्रॅममागे दीड किलोहून जास्त ओढ लागते. ती तोलायला मशीनच्या पोटात एक वजन बसवलेलं असतं, आणि ते मूळ प्लेट-पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. त्यामुळे तुमची चकती जड झाली तर मशीन थरथरतं हे कुणालाही पटेल, पण हलकी झाली तरी ते तितकंच थरथरतं! मूळ प्लेट आणि पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आपलं जोडकाम त्याच वजनाच्या जवळ आणा.

मग येतात आटे. रोटरी पॉलिशरचा स्पिंडल बहुधा एम१४ चा असतो, एका फेऱ्याला दोन मिलिमीटर पुढे जाणारा. ड्युअल ॲक्शनमध्ये काही मशीनना एम८ लागतो, तर अमेरिकी घडणीच्या मशीनना अडीच सुती, इंचाला २४ आट्यांचा. एम८ ची जाडी ८ मिलिमीटर आणि अडीच सुतीची ७.९४, डोळ्याला फरक कळतच नाही. पण एकाचे आटे सव्वा मिलिमीटरवर, दुसऱ्याचे जेमतेम एकावर. चुकीचा बोल्ट सुरुवातीला अगदी शहाण्यासारखा आत जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून रेटलं की मशीनचे आटे गेले. हाताने शेवटपर्यंत गेला तरच तो आपला.

चकतीला हायलम शीट उत्तम. किचनमधला पांढरा चॉपिंग बोर्ड मोह पाडतो, पण पॉलिथिलीनला डिंक धरत नाही. होल-सॉने चकती कापली की मधलं ड्रिल आपोआप केंद्रभोक पाडतं, मध्य शोधायची कटकटच उरत नाही. बोल्ट बसवून ती ड्रिलमध्ये फिरवायची आणि कडेला पॉलिश पेपर हलकेच धरायचा. जी बाजू बाहेर आली असेल तीच आधी पेपरला लागते, तीच झिजते, आणि चकती आपल्याच आसाभोवती गोल होत जाते. एरवी ज्यासाठी टर्नरकडे जावं लागलं असतं ते ड्रिलच करून देतं. बोल्टचं डोकं चकतीत बुडवा, फोम दबल्यावर ते रंगाला लागता कामा नये. वेल्क्रोच्या पाठीचा तयार गोंद गरम झाला की सरकतो, तेव्हा वेल्क्रो एरल्डाइटनेच बसवा. ड्रिल उलटं फिरवू नका, उजवे आटे सुटतात.

पहिली चाचणी गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या पत्र्यावर करा. अधूनमधून थांबून पत्र्याला बोट लावा. कोमट लागलं तर चालू द्या, चटका बसला तर थांबा, कारण एवढ्याशा पॅडची सगळी उष्णता त्याच टिकलीभर जागेत कोंडते आणि मऊ पडलेला क्लिअर कोट चमकण्याऐवजी ओढला जातो.