अर्धीमुर्धी ब्लिंक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बहिणीकडे गेले, तर भाचीनं हॉलमध्ये एक गुलाबी खोकं उघडून मांडलं होतं. आत जाडजूड फोटोंची पुस्तिका, पोस्टकार्ड, स्टिकर, आणि तळाशी एक सीडी. घरातला सीडी प्लेअर भंगारात जाऊन कैक वर्षं झाली. मी विचारलं, "ही वाजवणार कशावर?"

"अगं मावशी, वाजवायची कशाला? गाणी मोबाइलवर आहेत की."

खोकं होतं ब्लॅकपिंक या चार मुलींच्या कोरियन गटाच्या 'बॉर्न पिंक' या अल्बमचं. १६ सप्टेंबर २०२२ ला तो सोलमधून जगभर एकदम आला. ब्लॅकपिंकच्या चाहत्यांना 'ब्लिंक' म्हणतात आणि भाची पक्की ब्लिंक आहे. मी अर्धीमुर्धी. चौघींचे आवाज मला आवडतात, लिसाचा नाच सुरू झाला की हातातलं काम बाजूला राहतं; पण पहाटे उठून व्हिडिओ कितीदा पाहिला गेला याचे आकडे मोजण्याइतकी भक्ती नाही. अल्बम मात्र मी महिनाभर ऐकत होते.

आधी खोक्याचं अर्थशास्त्र, कारण त्याशिवाय या गाण्यांचा हिशेब लागत नाही. हे खोकं गुलाबी, काळं आणि करडं अशा तीन प्रकारांत मिळतं. गाणी तिन्हींत तीच. प्रत्येकात एक फोटोकार्ड असतं, पत्त्याएवढं. ते जिसूचं निघेल, जेनीचं, रोझेचं की लिसाचं, हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून लोक दोन-तीन खोकी घेतात आणि नको असलेलं कार्ड बदलून घेतात. भाची आणि तिच्या मैत्रिणींनी कुरियर आणि कस्टमचा खर्च वाटून घेत 'ग्रुप ऑर्डर' केली होती. म्हणजे भिशीच, फक्त फोटोंची. अशा खरेदीमुळे कोरियात या अल्बमची आगाऊ मागणीच २० लाखांवर गेली. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' यादीत तो पहिला आला, तोवर तिथे कोरियन मुलींचा एकही गट पहिल्या जागी पोचला नव्हता. त्या आठवड्यात त्याच्या नावावर १,०२,००० 'युनिट' (विक्री आणि ऑनलाइन ऐकणं धरून मोजलेली) लागली आणि त्यातली ७५,५०० प्रत्यक्ष विकलेल्या प्रतींची होती. ऐकणाऱ्यांपेक्षा जपून ठेवणाऱ्यांनी त्याला वर नेलं, असं मी म्हणाले, तर भाचीनं दोन तास अबोला धरला.

आता गाणी. गाणी आठ आणि सगळी मिळून पंचवीस मिनिटंही भरत नाहीत. २०२० चा 'द अल्बम'ही आठच गाण्यांचा होता. ८ ऑगस्ट २०१६ ला पदार्पण केलेल्या गटाचे सहा वर्षांत हे दोनच पूर्ण अल्बम. सगळी गाणी धरली तरी संख्या तेव्हा तिशीच्या आसपास होती. कोरियात नवं गाणं आलं की त्याला 'कमबॅक' म्हणतात, मग आधीचं दोन महिन्यांपूर्वीचं का असेना. ब्लॅकपिंकच्या बाबतीत तो शब्द शब्दशः खरा ठरतो.

पहिलं 'पिंक व्हेनम' ऑगस्टमध्येच आलं होतं आणि एका दिवसात त्याचा व्हिडिओ नऊ कोटींवर वेळा पाहिला गेला. ते उघडतं गेओमुंगोवर. हे सहा तारांचं जुनं कोरियन वाद्य. वादक जमिनीवर बसून ते मांडीवर आडवं घेतो आणि बांबूच्या काडीनं तारा छेडतो. व्हिडिओत जिसू ते वाजवताना दिसते. आवाज खर्जातला, कोरडा, लाकडाचा वास येईल असा. पहिल्या ऐकण्यात मी सावरून बसले. पण ते वाद्य दारात रांगोळी काढून निघून जातं. पुढे घरात नेहमीचेच पाहुणे: ठोकणारा ताल, जेनी-लिसाचं फुशारकीचं रॅप, आणि जिथे चाल उमलायला हवी तिथे नुसती घोषणा. निर्माता टेडी पार्क यांचा हा साचा २०१८ च्या 'डुडू डुडू'पासून ओळखीचा आहे. साचा सुबक आहे, पण चकलीसुद्धा सोऱ्यातून रोज एकाच ताऱ्याची पडली की माणूस दुसऱ्या डब्याकडे वळतो.

'शट डाउन'चं तसं नाही. त्याच्या तळाशी पागानिनीची 'ला काम्पानेला' फिरत राहते. ही या इटालियन व्हायोलिनवादकाची १८२६ ची रचना, दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग. नावाचा अर्थ छोटी घंटा. संगीतकार लिस्टनं ती पुढे पियानोवर नेली आणि आता ती सोलमध्ये रॅपखाली आली. दुसरीकडची चाल घेतली म्हणून नाक मुरडायचा अधिकार निदान आपल्याला नाही. 'संगीत स्वयंवर'साठी १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवरूनच चाली बांधल्या होत्या. प्रश्न इतकाच, की घेतलेल्या चालीचं पुढे काय केलं. बुवांनी तिला पदाच्या भावात मुरवलं. इथे तिचा एक तुकडा कापून चक्रावर बसवलाय. तरी तो अस्वस्थ, टोचणारा तुकडा शब्दांतल्या उर्मटपणाला शोभतो. अल्बममधलं सगळ्यांत चलाख गाणं हेच. व्हिडिओत चौघींनी आपल्याच जुन्या व्हिडिओंमधल्या जागा पुन्हा दाखवल्यात. सहा वर्षांत आत्मचरित्र!

'टायपा गर्ल'बद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. 'रेडी फॉर लव्ह' जुलैमध्ये पबजी मोबाइल या खेळातल्या आभासी मैफलीत आधीच वाजलं होतं. आपल्याकडे त्या खेळावर २०२० पासून बंदी, त्यामुळे इथल्या ब्लिंकांना ते बाहेरूनच ऐकावं लागलं. नाही ऐकलं तरी चाललं असतं.

मला अडकवलं ते मधल्या गाण्यांनी, ज्यांचे व्हिडिओसुद्धा केले नाहीत. 'या या या' हे नाव देवनागरीत आग्रहाचं आमंत्रण वाटतं आणि गाणंही तसंच, मोकळं नि हसरं. जिसू आणि रोझे यांनी त्याच्या लेखनात हात घातलाय, हे ऐकताना कळतं. 'हार्ड टू लव्ह' एकट्या रोझेचं. तिचा जन्म न्यूझीलंडचा, वाढली ऑस्ट्रेलियात. इंग्रजी तिच्या तोंडी सहज बसतं आणि तो किंचित चिरकणारा आवाज गिटारवर छान तरंगतो. 'टॅली'मध्ये चौघी कमी आवाजात, जवळ बसून सांगितल्यासारखं म्हणतात, की पोरांना जे खपवून घेता त्याचा हिशेब आमच्याकडेच का मागता. शिव्या आहेत, पण राग शिव्यांत नाही; तो त्या शांत सुरात आहे. चार ते सहा वर्षं संगीत-कंपनीत तालीम करून बाहेर पडलेल्या, खाण्यापिण्यापासून प्रेमापर्यंत सगळ्यावर लोकांची नजर असलेल्या मुलींनी हे गावं, याला वजन आहे.

आता 'हार्ड टू लव्ह', 'टॅली' आणि 'द हॅपिएस्ट गर्ल' ही शांत गाणी इंग्रजीत आहेत. कोरियन भाषा उरते ती मुख्यतः डरकाळ्यांपुरती. बाजाराचं गणित कळतं, पण जिसूचा जाड, संथ आवाज कोरियनमध्ये जसा खुलतो तसा इंग्रजीत खुलत नाही, आणि 'द हॅपिएस्ट गर्ल'सारखं पियानोवरचं गाणं तिच्या भाषेत असतं तर मी अर्धी ब्लिंक राहिले नसते.

भाचीचं म्हणणं वेगळं. "मावशी, तू नुसतं ऐकतेस. स्टेजवर बघ, मग बोल." तेही खरं असेल. १५ ऑक्टोबर २०२२ ला सोलमधून त्यांचा जगभरचा दौरा निघाला, पण तेव्हा जाहीर झालेल्या शहरांत भारतातलं एकही नव्हतं.

दसऱ्याच्या त्याच आठवड्यात बहिणीच्या जुन्या गाडीतून आम्ही तिघी लक्ष्मी रोडला निघालो. त्या गाडीला अजून सीडीची फट आहे, हे मला आठवलं. भाचीनं सीडी दोन बोटांत, कडेनं धरून, पुन्हापुन्हा बजावत दिली. कोथरूडहून निघालो, कर्वे रोडला नेहमीसारखे तुंबलो. 'टॅली' लागल्यावर बहिणीनं आवाज वाढवला आणि शिवी आल्यावर कमी केला. डेक्कनच्या सिग्नलला पोचायच्या आत आठही गाणी संपली आणि पुन्हा गेओमुंगो वाजू लागला.