विश्वचषक क्रिकेट स्पर्धा, महिलांची

मर्यादित षटकांच्या एकदिवसीय सामन्यांद्वारे खेळली जाणारी, राष्ट्रीय महिला संघांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. तिचा प्रारंभ १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांची विश्वचषक स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १९७५ मध्ये सुरू झाली. क्रिकेटमधील जागतिक अजिंक्यपदाची कल्पना अशा रीतीने प्रथम महिलांनी प्रत्यक्षात आणली. असे असूनही पहिली तीन दशके ही स्पर्धा मुख्यतः देणग्या, स्वयंसेवी संघटनांचे श्रम आणि खेळाडूंनी स्वतः सोसलेला खर्च यांवर चालली. तिच्या इतिहासात मैदानावरील जयपराजयांइतकेच महत्त्व या साधनांच्या प्रश्नाला आहे. २०२५ अखेर एकूण तेरा स्पर्धा झाल्या असून त्यांपैकी ऑस्ट्रेलियाने सात, इंग्लंडने चार आणि न्यूझीलंड व भारत यांनी प्रत्येकी एक जिंकली आहे. वीस षटकांची महिलांची जागतिक स्पर्धा २००९ पासून स्वतंत्रपणे भरविली जाते.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील सरी परगण्यात महिलांचा क्रिकेट सामना झाल्याची नोंद १७४५ इतकी जुनी आहे. तथापि या खेळाला संघटित रूप विसाव्या शतकातच आले. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. इंग्लंडचा महिला संघ १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि त्या वर्षअखेर ब्रिस्बेन येथे महिलांचा पहिला कसोटी सामना झाला. या दौऱ्यासाठी इंग्लंडच्या खेळाडूंनी बोटीचे भाडे पदरमोड करून भरले होते. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व नेदर्लंड्स या देशांनी आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद स्थापन केली. पुरुषांच्या क्रिकेटचे नियंत्रण करणाऱ्या संस्थेहून ही परिषद पूर्णतः वेगळी होती आणि पुढे विश्वचषक स्पर्धेची सूत्रे तिच्याकडेच राहिली.

पहिली स्पर्धा : स्पर्धेची कल्पना इंग्लंडची कर्णधार रेचेल हेहो-फ्लिंट आणि उद्योगपती जॅक हेवर्ड यांच्या चर्चेतून १९७१ मध्ये पुढे आली. हेवर्ड यांनी तत्पूर्वी इंग्लंडच्या महिला संघाच्या वेस्ट इंडीज दौऱ्यांना साहाय्य केले होते. या स्पर्धेसाठी त्यांनी ४०,००० पौंडांची देणगी दिली. जून-जुलै १९७३ मध्ये झालेल्या या स्पर्धेत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमेका, त्रिनिदाद व टोबॅगो, यंग इंग्लंड आणि निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंचा एक आंतरराष्ट्रीय संघ असे सात संघ होते. दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना या आंतरराष्ट्रीय संघात घेण्याचा विचार त्या देशाच्या वर्णभेदी धोरणाला असलेल्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. सामने प्रत्येकी साठ षटकांचे होते व ते साखळी पद्धतीने खेळले गेले. स्वतंत्र अंतिम सामन्याची योजना नव्हती. परंतु शेवटच्या लढतीपूर्वी ऑस्ट्रेलिया इंग्लंडच्या एका गुणाने पुढे असल्याने एजबॅस्टन येथे २८ जुलै रोजी या दोन संघांत झालेल्या सामन्याला अंतिम सामन्याचेच स्वरूप आले. एनिड बेकवेलच्या ११८ आणि हेहो-फ्लिंटच्या ६४ धावांच्या जोरावर इंग्लंडने ३ बाद २७९ धावा केल्या व सामना ९२ धावांनी जिंकला.

१९७८ ते १९८८ : दुसरी स्पर्धा जानेवारी १९७८ मध्ये भारतात झाली. भारतात महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्येच अस्तित्वात आली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे येथे पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश हे तीनच संघ होते. १९७६ मध्ये शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध पाटणा येथे आपला पहिला कसोटी विजय मिळविला. म्हणजे पहिल्या आंतरराज्य स्पर्धेनंतर पाच वर्षांच्या आत या संघटनेने जागतिक स्पर्धेचे यजमानपद स्वीकारले. सामने कलकत्ता, जमशेदपूर, पाटणा व हैदराबाद येथे झाले. भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व न्यूझीलंड या चारच संघांनी भाग घेतला. मुंबईची फिरकी गोलंदाज डायना एदलजी हिच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या भारतीय संघाला तिन्ही सामने गमवावे लागले. हैदराबाद येथील शेवटच्या सामन्यात इंग्लंडला हरवून ऑस्ट्रेलियाने अजिंक्यपद मिळविले.

न्यूझीलंडमध्ये १९८२ साली झालेल्या स्पर्धेत पाच संघांनी भाग घेतला व प्रथमच स्वतंत्र अंतिम सामना ठेवण्यात आला. क्राइस्टचर्च येथे ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर तीन गडी राखून मात केली. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या स्पर्धेत आयर्लंड व नेदर्लंड्स हे संघ नव्याने आले. भारताने मात्र तीत भाग घेतला नाही. मेलबर्न येथील अंतिम सामन्यात इंग्लंडला आठ गडी राखून हरवून ऑस्ट्रेलियाने सलग तिसरे विजेतेपद मिळविले.

१९९३ ते २००५ : दोन स्पर्धांमधील अंतर या काळापर्यंत तीन ते सहा वर्षे असे अनियमित राहिले. पैशाची अडचण हे त्याचे एक कारण होते. १९९३ ची इंग्लंडमधील स्पर्धा निधीअभावी रद्द होण्याच्या बेतात होती. एका धर्मादाय प्रतिष्ठानाने ९०,००० पौंड दिल्यामुळे ती पार पडली. आठ संघांच्या या स्पर्धेचा अंतिम सामना लॉर्ड्‌सच्या मैदानावर झाला व न्यूझीलंडला ६७ धावांनी हरवून इंग्लंड दुसऱ्यांदा विजयी झाले. लॉर्ड्‌सचे मैदान ज्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबच्या मालकीचे आहे, त्या क्लबाने महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव यानंतर पाच वर्षांनी, १९९८ मध्ये संमत केला.

१९९७ ची स्पर्धा भारतात झाली. अकरा संघांची ही स्पर्धा तोवरची सर्वांत मोठी होती. दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान व श्रीलंका यांचा तीत प्रथमच समावेश झाला. मुंबईत वांद्रे (पूर्व) येथील मिडल इन्कम ग्रुप क्लबच्या मैदानावर १६ डिसेंबर रोजी ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील, पुरुष व महिला दोहोंतही, हे पहिले द्विशतक होय. पुरुषांच्या क्रिकेटमधील पहिले द्विशतक सचिन तेंडुलकरने २०१० मध्ये ग्वाल्हेर येथे काढले, तेव्हा अनेकांनी त्याचा उल्लेख एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक असाच केला. क्लार्कच्या पराक्रमाचा असा विसर पडणे हे महिला क्रिकेटकडे झालेल्या दुर्लक्षाचे बोलके उदाहरण आहे. भारताचा उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून पराभव झाला. कलकत्त्यातील ईडन गार्डन्सवर झालेल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला पाच गडी राखून हरविले.

डिसेंबर २००० मध्ये न्यूझीलंडने लिंकन येथे ऑस्ट्रेलियाचा अवघ्या चार धावांनी पराभव करून आपले एकमेव विजेतेपद मिळविले. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत मिताली राजच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. सेंच्युरियन येथील या सामन्यात कॅरन रोल्टनच्या नाबाद १०७ धावांमुळे ऑस्ट्रेलियाने ४ बाद २१५ धावा केल्या. भारताचा डाव ११७ धावांत आटोपला.

नियंत्रणातील बदल : आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत विलीन झाली. न्यूझीलंड, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील महिला संघटना तत्पूर्वीच आपापल्या देशांतील मुख्य मंडळांत सामील झाल्या होत्या. भारतात हे विलीनीकरण २००६ मध्ये झाले. तोपर्यंत भारतीय महिला खेळाडूंना मुख्यतः भारतीय रेल्वेमधील नोकऱ्यांचा आधार होता. विलीनीकरणामुळे मैदाने, प्रशिक्षक, प्रवास व मानधन यांची सोय झाली. तथापि महिला खेळाडूंचे स्थान तत्काळ बदलले नाही. २०१३ च्या स्पर्धेचे काही सामने मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर व्हावयाचे होते. परंतु पुरुषांच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी ते मैदान देण्यात आल्याने महिलांचे सामने ब्रेबोर्न स्टेडियमवर हलविण्यात आले.

२००९ ते २०२२ : नव्या व्यवस्थेतील पहिल्या, २००९ च्या स्पर्धेत इंग्लंडने सिडनी येथे न्यूझीलंडला चार गडी राखून हरविले. २०१३ मध्ये भारतात झालेल्या स्पर्धेत यजमान संघ श्रीलंकेकडून पराभूत होऊन पहिल्याच फेरीत बाद झाला. वेस्ट इंडीजने प्रथमच अंतिम सामना गाठला, पण ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने तो ११४ धावांनी जिंकला. २०१४ पासून प्रमुख संघांमध्ये पात्रतेसाठी नियमित मालिका सुरू झाल्या. त्यामुळे दोन विश्वचषकांच्या मधल्या काळातही सामने मिळण्याची शाश्वती निर्माण झाली.

२०१७ ची इंग्लंडमधील स्पर्धा भारतातील लोकप्रियतेच्या दृष्टीने निर्णायक ठरली. डर्बी येथील उपान्त्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या. लॉर्ड्‌सवरील अंतिम सामन्यात इंग्लंडच्या २२८ धावांना उत्तर देताना मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा काढल्या आणि भारत ३ बाद १९१ अशा भक्कम स्थितीत होता. मात्र अ‍ॅनिया श्रबसोलने ४६ धावांत सहा बळी घेतल्याने शेवटचे सात गडी अवघ्या २८ धावांत बाद झाले व इंग्लंडने नऊ धावांनी विजय मिळविला. या सामन्याचे प्रक्षेपण भारतात प्रचंड प्रमाणावर पाहिले गेले. करोना साथीमुळे एक वर्ष पुढे ढकललेली पुढची स्पर्धा २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाली. क्राइस्टचर्च येथे अ‍ॅलिसा हीलीच्या १७० धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७१ धावांनी हरवून सातवे विजेतेपद मिळविले.

२०२५ ची स्पर्धा : ही स्पर्धा भारत व श्रीलंका येथे ३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर या काळात झाली. तिच्या पारितोषिकांची एकूण रक्कम १ कोटी ३८ लाख ८० हजार अमेरिकन डॉलर होती; २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकाच्या १ कोटी डॉलरपेक्षा ती अधिक होती. भारताने साखळीतील लागोपाठ तीन सामने गमावले. तरी न्यूझीलंडवरील विजयामुळे त्याला उपान्त्य फेरीत स्थान मिळाले. नवी मुंबईत ३० ऑक्टोबर रोजी झालेल्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग भारताने पाच गडी राखून पूर्ण केला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील हा तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. त्याच मैदानावरील अंतिम सामन्यात भारताने ७ बाद २९८ धावा केल्या. त्यांत शेफाली वर्माच्या ८७ व दीप्ती शर्माच्या ५८ धावा होत्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिच्या १०१ धावांनंतरही तिचा संघ २४६ धावांत बाद झाला. दीप्तीने ३९ धावांत पाच बळी घेतले. या विजयी संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर व प्रशिक्षक मुंबईचे माजी फलंदाज अमोल मुझुमदार होते. सांगलीच्या स्मृती मानधनाने स्पर्धेत ४३४ धावा केल्या. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व न्यूझीलंड यांच्याबाहेर हे अजिंक्यपद जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

स्वरूप व विक्रम : सामने प्रत्येकी पन्नास षटकांचे असतात. सुरुवातीच्या काही स्पर्धांत ही मर्यादा साठ षटकांची होती. महिलांच्या सामन्यांत वापरला जाणारा चेंडू १४० ते १५१ ग्रॅम वजनाचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा किंचित हलका असतो व सीमारेषाही तुलनेने जवळ असते. अन्य नियम बहुतांशी समान आहेत. न्यूझीलंडच्या डेबी हॉक्ली हिने पाच स्पर्धांत १,५०१ धावा केल्या. मिताली राज २००० ते २०२२ या काळात सहा विश्वचषक स्पर्धा खेळली, तर झूलन गोस्वामीने या स्पर्धांत एकूण ४३ बळी घेतले. २०२९ च्या स्पर्धेपासून संघांची संख्या आठवरून दहा करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२५ मध्ये घेतला.

महिलांच्या विश्वचषक स्पर्धा : वर्ष, यजमान, विजेता व उपविजेता
१९७३ – इंग्लंड – इंग्लंड – ऑस्ट्रेलिया
१९७८ – भारत – ऑस्ट्रेलिया – इंग्लंड
१९८२ – न्यूझीलंड – ऑस्ट्रेलिया – इंग्लंड
१९८८ – ऑस्ट्रेलिया – ऑस्ट्रेलिया – इंग्लंड
१९९३ – इंग्लंड – इंग्लंड – न्यूझीलंड
१९९७ – भारत – ऑस्ट्रेलिया – न्यूझीलंड
२००० – न्यूझीलंड – न्यूझीलंड – ऑस्ट्रेलिया
२००५ – दक्षिण आफ्रिका – ऑस्ट्रेलिया – भारत
२००९ – ऑस्ट्रेलिया – इंग्लंड – न्यूझीलंड
२०१३ – भारत – ऑस्ट्रेलिया – वेस्ट इंडीज
२०१७ – इंग्लंड – इंग्लंड – भारत
२०२२ – न्यूझीलंड – ऑस्ट्रेलिया – इंग्लंड
२०२५ – भारत व श्रीलंका – भारत – दक्षिण आफ्रिका