शेवटच्या वीस यार्डांबद्दलचे गैरसमज

ड्रायव्हरने अडीचशे यार्ड चेंडू टाकणारा आणि तरीही अठरा होल संपल्यावर कार्डावर ९५ घेऊन येणारा गोल्फर कुठल्याही क्लबात भेटतो. त्याला मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: लांब मारणं हा देखावा, कमाई होते ती पटरने. ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकच्या नावावर हे वचन खपतं आणि त्याच्या पाठीशी एक हिशेबही दिला जातो. पार ७२च्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले, म्हणजे ३६. सबब निम्मा खेळ पटरचा. हिशेब बेरजेला बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. होलपासून सहा इंचांवर उरलेला चेंडू आत ढकलला तरी तो एक फटका आणि झाडांच्या मधून अडीचशे यार्ड सरळ मारला तरी तो एकच फटका. पहिला कुणीही मारतो, त्यात कुणी कुणाच्या पुढे जात नाही. कुठले फटके किती पडले यापेक्षा चांगला खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्यात अंतर कुठे पडतं, हे विचारायला हवं.

कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी नेमकं हेच विचारलं. पीजीए टूरच्या स्पर्धांत प्रत्येक फटक्याची जागा मोजून ठेवली जाते. त्या नोंदींवरून ब्रॉडींनी प्रत्येक जागेची किंमत काढली: अमुक अंतरावरून, फेअरवेतून, रफमधून किंवा वाळूतून, होल पुरा करायला टूरवरच्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात. फटक्याआधीची आणि नंतरची किंमत ताडून पाहिली की त्या एका फटक्यात कमावलं की गमावलं ते कळतं. पटिंगसाठी हे माप टूरने २०११ मध्ये स्वीकारलं, २०१४ मध्ये ब्रॉडींचं पुस्तक आलं, आणि निष्कर्ष बऱ्याच जुन्या जाणत्यांना झोंबला. अव्वल आणि सरासरी व्यावसायिक यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. ८० आणि १०० मारणाऱ्या हौशी खेळाडूंमधला फरकही साधारण त्याच प्रमाणात विभागलेला निघाला. टायगर वुड्सचे लोकांच्या लक्षात राहिलेले फटके म्हणजे शेवटच्या होलवर घातलेले पट, पण प्रतिस्पर्ध्यांवर त्याने मिळवलेल्या आघाडीतला सगळ्यात मोठा वाटा ग्रीनकडे लांबून मारलेल्या आयर्नच्या फटक्यांचा होता. तेव्हा लांब मारणं हा देखावा नाही. ज्याच्याकडे अंतर आहे, त्याच्याकडे या खेळातली महागडी वस्तू आधीच आहे.

मग आखूड खेळाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, असा उलटा गैरसमज आता पसरू लागला आहे. दोन तृतीयांश हा आकडा गटाच्या सरासरीचा आहे. दुखणं मात्र एकेका माणसाचं असतं. ज्याचा टी-शॉट ८० मारणाऱ्यासारखा आणि कार्ड ९५चं, तो सरासरीत बसतच नाही. त्याचे फटके कुठेतरी गळताहेत. कदाचित ते हद्दीबाहेर गेलेल्या ड्राइव्हमध्ये गळत असतील, आणि तसं असेल तर वेजच्या सरावाने काहीही साधणार नाही; हे आधी प्रामाणिकपणे मोजावं. पण बहुधा गळती ग्रीनच्या काठावर असते, आणि तिथेही ती लोकांना वाटते त्या जागी नसते.

ब्रॉडींच्या तक्त्यातले तीन आकडे पुरेसे आहेत. होलपासून २० यार्डांवर, फेअरवेच्या गवतातून, टूरच्या खेळाडूला सरासरी २.४० फटके लागतात. ग्रीनवर २० फुटांवरून १.८७ आणि १० फुटांवरून १.६१. तेव्हा चिप वीसऐवजी दहा फुटांवर नेऊन ठेवण्याचं बक्षीस जेमतेम पाव फटका. आता तीच चिप जमिनीत घुसली आणि चेंडू दोन हात सरकून पुन्हा गवतातच राहिला, तर जागेची किंमत जवळपास तीच राहते आणि एक अख्खा फटका पाण्यात जातो. हे आकडे व्यावसायिकांचे, आमचं काय, असा आक्षेप येईल. हौशी खेळाडूला दहा फुटांवरूनही बहुतेक वेळा दोनच पट लागतात, म्हणून त्याच्यासाठी तो पाव फटकाही फार वाढत नाही. जमिनीत घुसलेली चिप मात्र त्याच्याकडून कितीतरी जास्त वेळा होते. कमकुवत आखूड खेळ म्हणजे चेंडू होलला चिकटवता न येणं, ही समजूत इथेच कोलमडते. त्याच जागेवरून दोनदा मारावं लागणं, हे खरं दुखणं.

टीव्हीने ही समजूत घट्ट केली आहे. प्रक्षेपणात आघाडीवरचे खेळाडू दिसतात आणि त्यांचेही त्या दिवशी जमलेले फटके. प्रत्यक्षात ग्रीन चुकल्यावर पार वाचवण्याचं टूरचं सरासरी प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. आठ फुटांवरचा पट ते निम्म्या वेळाच घालतात, दहा फुटांवरचा दहातले चार. हे ठाऊक नसलेला लांब मारणारा प्रत्येक चिपकडून चमत्काराची अपेक्षा करतो. झेंडा बंकरच्या मागे असला तरी थेट झेंड्यावर मारायला जातो आणि बंकरमध्ये पडतो. पंधरा फूट बाजूला ग्रीनचा मोकळा भाग असतो. तिकडे मारणं त्याला भित्रेपणाचं वाटतं.

चमत्काराचं हत्यार म्हणून मग ६० अंशांची लॉब वेज बॅगेत येते. चेंडू उंच उडवून मऊ उतरवणं म्हणजेच कसब, हा गैरसमज दुकानांच्या सोयीचा आहे. लॉफ्ट जितका जास्त तितका तोच चेंडू तितकाच दूर न्यायला स्विंग मोठा लागतो, आणि स्विंग मोठा झाला की चूकही मोठी होते. वाटेत वाळू किंवा पाणी नसेल तर चेंडू ग्रीनच्या काठापुढे एखाद यार्ड टाकून उरलेलं अंतर घरंगळत जाऊ देणं जास्त भरवशाचं. त्यासाठी आठ नंबरची आयर्न किंवा पिचिंग वेज पुरते, आणि ग्रीनबाहेरचं गवत आखूड कापलेलं असेल तर पटरही. पटरने मारलेला वाईट फटका वेजने मारलेल्या वाईट फटक्यापेक्षा जवळजवळ नेहमीच होलच्या जवळ थांबतो.

वेज जमिनीत का घुसते, हे जरा जवळून पाहू. वेजचा तळ सपाट नसतो. पुढच्या धारेपेक्षा मागची कड थोडी खाली उतरलेली असते. या कोनाला बाउन्स म्हणतात. सँड वेजवर तो साधारण १० ते १४ अंश असतो. १९३२ साली प्रिन्सेस इथे ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या जीन सॅराझेनने वेजच्या तळाला मागच्या बाजूने जादा धातू चढवून हाच गुण आणला होता, म्हणजे क्लब वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून सरकतो. लांब मारणाऱ्याची सवय नेमकी याच्या विरुद्ध जाते. आयर्नने अंतर काढण्यासाठी त्याने हात चेंडूच्या पुढे ठेवायचे, दांडा लक्ष्याकडे झुकवायचा आणि चेंडू दाबून मारायचा, हे अंगात मुरवलेलं असतं. तोच झुकाव त्याने २० यार्डांच्या चिपवर आणला, त्यात चेंडू मागच्या पायाकडे ठेवला, की बाउन्स निघून जातो आणि उघडी धार कुदळीसारखी मातीत शिरते. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो भीतीने हात वर खेचतो, धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू सणसणत ग्रीनपलीकडे जातो. बघणारे म्हणतात, डोकं वर केलंस. डोकं वर जातं ते शेवटी. मूळ कारण दांड्याच्या झुकावात असतं. चेंडू दोन पायांच्या मध्याजवळ, वजन पुढच्या पायावर, दांडा जवळपास सरळ आणि छातीचं वळणं चालू, एवढ्यावर तळ गवताला घासून जातो. बरोबर घासल्याचा आवाजही ओळखू येतो.

आपल्याकडच्या कोर्सना एक जादा अडचण आहे. उष्ण हवेतल्या कोर्सवर सर्रास लावलं जाणारं बर्म्युडा गवत हे आपल्या हरळीचंच कूळ. तिची पाती एका दिशेला लवतात आणि लवणीच्या विरुद्ध मारलेली वेज त्यात अडकते. पावसाळ्यात खालची माती मऊ असते, तेव्हा रुंद तळाची, जास्त बाउन्सची वेज उपयोगी. मार्च-एप्रिलात जमीन टणक आणि गवत विरळ झालं की तीच वेज उसळून चेंडूवर आदळते. तेव्हा कमी बाउन्स किंवा सरळ आयर्न. एकच आवडती वेज बारा महिने चालवण्याचा हट्ट इथे महागात पडतो. बॅकस्पिनचं स्तोम मात्र थोडक्यात उरकता येईल. ग्रीनजवळ स्पिन मुख्यतः चेंडूच्या युरेथेन आवरणावर, कोरड्या गवतावर आणि स्वच्छ खाचांवर अवलंबून असते. स्वस्त, कडक आवरणाचा चेंडू दवाने ओल्या गवतातून मारून तो थांबत नाही म्हणून मनगटाला दोष देणं व्यर्थ आहे.

लांब मारणाऱ्याला खास त्रास देणारा आणखी एक समज पार-५ होलवर दिसतो. दुसरा फटका मुद्दाम आखूड ठेवून १०० यार्ड राखावेत, म्हणजे वेजचा पूर्ण स्विंग मिळतो; ४० यार्डांचा अर्धा स्विंग अवघड. टूरच्या आकड्यांत फेअरवेतून १०० यार्डांवरून २.८० फटके लागतात, ४० यार्डांवरून २.६०, आणि ४० यार्डांवर रफमध्ये असलात तरी २.७८. म्हणजे जवळचं रफसुद्धा दूरच्या फेअरवेइतकंच चांगलं. अपवाद पाण्याचा आणि वाळूचा: ६० यार्डांवरच्या बंकरमधून किंमत ३.१५ होते, तिथे मागे थांबणंच शहाणपणाचं. यावर कुणी म्हणेल की माझा ४० यार्डांचा फटका खरोखरच वाईट आहे. असेलही. पण ज्याला ड्रायव्हरचं अंतर आहे, त्याच्या वाट्याला हे मधले फटके इतरांपेक्षा जास्त येणार. ते टाळून त्याचं किती काळ भागेल?

सगळ्यात चिवट समज राहतो तो हाताच्या देणगीचा. हात मुळातच लागतो, तो शिकवता येत नाही, असं म्हणताना सेव्ह बॅलेस्टेरोसचं नाव हमखास घेतलं जातं. लहानपणी त्याच्याकडे एकच ३-आयर्न होती आणि स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या वाळूत तो तासन्‌तास तिने हर तऱ्हेचे फटके मारत असे. देणगी असेल, पण तिच्यावर मेहनत किती झाली तेही पाहावं. उलट बाजूचा पुरावा टायगरचा. जानेवारी २०१५ मध्ये, स्विंग बदलण्याच्या काळात, फिनिक्सच्या स्पर्धेत त्याने ८२ मारले आणि साध्या चिपही त्याच्याकडून जमिनीत घुसत होत्या किंवा ग्रीनपलीकडे जात होत्या. एप्रिलमध्ये ऑगस्टाला तो संयुक्त सतराव्या स्थानावर राहिला आणि त्याच्या चिप पुन्हा नीट पडत होत्या. हात देणगीचा असता तर तो तीन महिन्यांत जाऊन परत आला नसता. मॅथ्यू फिट्झपॅट्रिक तर डावा हात खाली धरून चिप मारतो, पुस्तकी पद्धतीच्या अगदी उलट, आणि २०२२चं यूएस ओपन जिंकतो.

आपल्याकडे अदिती अशोकचं उदाहरण ब्रॉडींच्या विरोधात दिलं जातं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली ही मुलगी, मैदानातल्या सर्वांत आखूड मारणाऱ्यांपैकी एक, पटरच्या जोरावर चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने हुकलं. यातून अंतर निरर्थक ठरत नाही. रोज मागून खेळण्याची भरपाई करायला तिला ग्रीनवर असामान्य खेळावं लागलं. ज्याच्याकडे अंतर आहे त्याला असामान्य होण्याची गरजच नाही. त्याला साधारण झालं तरी पुरे. आणि क्लबचा वेग वाढवायला शरीर तयार करावं लागतं, वय आड येतं. वीस यार्डांच्या चिपला ना ताकद लागते ना तारुण्य.

सरावाबाबतचा गैरसमज सवयीतच दडलेला आहे. रेंजवरच्या चटईवर वेजचे शंभर चेंडू मारले की सराव झाला असं वाटतं. चटईवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरून पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. गवतावर जो दोष पूर्ण फटक्याला पडला असता, तोच चटई झाकून टाकते. शिवाय एकाच जागेवरून एकच फटका पुन:पुन्हा मारल्याने त्या दिवशी हात बसल्यासारखा वाटतो, एवढंच. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ साली हालचाली शिकण्यावर केलेल्या प्रयोगात सलग एकच कृती गिरवणारे सरावाच्या वेळी सरस दिसले, पण नंतरच्या चाचणीत कृती आलटूनपालटून करणारे पुढे निघाले. कोर्सवर तर एका चिपनंतर तशीच दुसरी चिप मिळतच नाही. म्हणून एकच चेंडू घ्यावा, तो दर वेळी वेगळ्या गवतात टाकावा, एकदाच मारावा आणि पट घालूनच पुढे जावं. हे कंटाळवाणं आहे खरं, आणि अपयश दर मिनिटाला दिसतं.

वेळ नाही, क्लबात चिपिंग ग्रीन कायम भरलेलं, ही तक्रार रास्त आहे. ती करणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी कागदावर आणाव्यात. पहिली, फेरीत ५० यार्डांच्या आतून मारलेला जो जो फटका ग्रीनवर थांबला नाही, त्याच्यापुढे कार्डावर एक टिंब. चार-पाच फेऱ्यांत कळेल की टिंबं वाळूत पडताहेत, कडक जमिनीवर की उतारावर, आणि बहुतेकांची एकाच ठिकाणी गर्दी असते. दुसरी, दोन वेज आणि प्रत्येकीचे तीन स्विंग, हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत आणि खांद्यापर्यंत, मिळून सहा फटके चेंडू कुठे टेकतो ते बघून मोजावेत आणि ते सहा आकडे बॅगेच्या कप्प्यात ठेवावेत. ड्रायव्हरचं अंतर यार्डात सांगणाऱ्या बहुतेकांना यातला एकही आकडा सांगता येत नाही.